एका स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. "वळताना टकटक यायची, एवढंच काम. त्याला तीन दिवस गाडी अडकवून ठेवली, आधी भलताच पार्ट बदलला, ऐन गणपतीत रिक्षाने फिरायला लागलं." सणात तुम्हाला आणि घरच्यांना त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. गावी आलेल्या माणसाची गाडी उभी राहिली की काय हाल होतात, ते चिपळूणच्या माणसाला कोणी सांगायला नको.

पण ते "तीन दिवस" फार लागलं, म्हणून लिहितोय.

गाडी माझ्याकडे लागली हरतालिकेला संध्याकाळी पावणेसहाला. ऋषिपंचमीला दुपारी साडेचारला चावी तुमच्या हातात दिली. ४७ ताससुद्धा होत नाहीत, आणि मधला अख्खा दिवस चतुर्थीचा. चतुर्थीला चिपळुणात गाडीच्या पार्टचं एक दुकान उघडं दाखवा, मी तुमचे सगळे पैसे परत करतो. माझ्याही घरी गणपती असतो सर. भटजी येऊन बसले होते आणि मी सोवळ्यात ओटीवर उभा राहून कराडच्या दुकानदाराला फोन करत होतो. घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तुमच्या डिझेल गाडीचा उजवा एक्सल, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला देणारा दांडा, बहादूरशेख नाक्यावर आदल्या संध्याकाळीच विचारला होता. पेट्रोलचा होता, पण त्याचे दाते तुमच्या गाडीला जुळत नव्हते. कराडवाल्याने पंचमीला पहाटेच्या एसटीत पार्सल टाकलं, कुंभार्ली घाट उतरून ते आलं आणि स्टँडवर पावसात मी स्वतः उभा होतो, पोराला नाही पाठवलं. अकराला काम सुरू झालं. चार वाजता ट्रायल, साडेचारला गाडी तुमची. आता याला अडकवून ठेवणं म्हणायचं असेल तर माझा नाइलाज आहे.

राहिली भलत्या पार्टची गोष्ट. तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, खड्ड्यातही वाजतं आणि वळतानाही वाजतं. खड्ड्यातला आवाज लिंक रॉडचा, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या दांडीचा होता, तो हाताने हलवला तरी खडखडत होता, म्हणून बदलला. तो आवाज गेला की नाही? पण स्टीअरिंग लेफ्टला शेवटपर्यंत वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट चालूच. वेग वाढला की तो आवाजही भरभर येतो. उभ्या गाडीत नुसतं स्टीअरिंग फिरवताना एकच ठक् आला असता तर मी स्ट्रटचं, म्हणजे शॉकअब्सॉर्बरचं, वरचं माउंटिंग धरलं असतं. चाकाच्या फेऱ्याबरोबर वाजतंय म्हणजे एक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. डावीकडे वळताना जोर उजव्या चाकावर येतो, म्हणून उजवा. जॅक लावून बघितलं तर जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, घडीत फाटलेला, ग्रीस सगळं रिमच्या आतून उडालेलं आणि जॉइंटमध्ये घाटातला लाल चिखल. एकदा आत माती गेली की ती जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांची घरं खाते. मग नुसता बूट आणि ग्रीस घालून चार दिवस गप्प बसेल, पाचव्या दिवशी परत वाजेल. तसं करून मी तुम्हाला चतुर्थीलाच हसत पाठवू शकलो असतो. बरोबर वयस्कर आई होत्या, परतीला दोन घाट होते, म्हणून केलं नाही.

आधी जॅक लावून बूट बघायला हवा होता, मग लिंक रॉड. हे मान्य. गर्दी होती, पोरगा नवीन होता, तरी चूक माझीच धरा.

पण एप्रिलमध्ये तुमच्याकडच्या मेकॅनिकने "बूटला चीर आहे, बदलून घ्या" सांगितलं होतं आणि तुम्ही "बघू पावसाळ्यानंतर" म्हणालात, हे तुम्हीच चहा पिताना सांगितलंत. रिव्ह्यूत ते राहून गेलं. रिक्षाचंही तसंच. माझी स्कूटर दोन दिवस तुमच्या भावाकडे होती. पेट्रोलचं मी बोलत नाही.

आईंनी जाताना पोरांसाठी डबाभर मोदक दिले, तेव्हा वाटलं माणसं खूश होऊन गेली. पंधरा दिवसांनी हे वाचलं. सर, हायवेवरून जाणारा माणूस हल्ली फोनवर स्टार बघून गाडी वळवतो. २०२१ च्या जुलैच्या पुरात कॉम्प्रेसर, वेल्डिंग, सगळं चिखलात गेलं, कर्ज काढून पुन्हा उभं केलंय. तुमचा एक स्टार तुमच्यासाठी एक बोट दाबणं आहे, माझ्याकडे त्याने दोन गिऱ्हाइकं कमी होतात. काढा असं म्हणत नाही, जे झालं तेवढं लिहा.

लिंक रॉडची मजुरी ३०० रुपये परत करतो. पुढे आवाजाची गाडी आली की आधी जॅकवर घ्यायची, असं पोरांना सांगितलंय, आणि सणाच्या आधी काही पार्ट आणून ठेवायचं बघतोय.

तुमचा जुना एक्सल पोत्यात बांधून ठेवलाय, भंगारात दिलेला नाही. शिमग्याला याल तेव्हा गोळ्या स्वतः बघा. आणि तुमच्या जॅकचा दांडाही इथेच राहिलाय, तो घेऊन जा.