कंपाल्याला सेवेला निघालात?

चर्चच्या तुकडीबरोबर दोन आठवडे युगांडाच्या राजधानीला, कंपाल्याला निघालात, उत्तम. आधी खाकी पँट घ्या, भरपूर खिशांची. शहरात मॉल आहेत, ट्रॅफिक जॅम आहे, 1922 सालचं मकेरेरे विद्यापीठ आहे, पण सिंह कधी आडवा येईल काही सांगता येत नाही. हवामानाची मात्र चौकशी करू नका. शहर साधारण 1,200 मीटर उंचीवर, महाबळेश्वरहून थोडंच खाली. हे घरी कळलं तर निरोप द्यायला आलेल्यांचे डोळे लगेच कोरडे होतील.

शुक्रवारी रात्री एन्टेबे विमानतळावर उतरलात की न्यायला आलेला ड्रायव्हर म्हणेल, "जेबाले को." अर्थ विचारा. "केलेल्या कामाबद्दल शाबास," असं तो सांगेल. भरून येऊ द्या. अजून स्वतःची बॅगही उचललेली नाही आणि देश कृतज्ञ! गवत कापणाऱ्याला, कपडे धुणाऱ्या शेजारणीला, काम करताना दिसेल त्याला इथे हेच म्हणतात, ही माहिती सोमवारपर्यंत कानांवर येऊ देऊ नका. "नावे जेबाले", म्हणजे "तुम्हालाही शाबास", हे उत्तर तर शिकूच नका. तो बिचारा तीन तास विमानतळावर उभा होता, पण शाबासकी द्यायला आपण थोडेच आलोय?

शनिवारी बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवर, भाडं न ठरवता बसा. उतरल्यावर घासाघीस करायची आणि मग महिनाभर घरच्यांना लुबाडल्याची गोष्ट सांगायची. नाश्त्याला रस्त्यावरचं रोलेक्स खा. घड्याळ नव्हे, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. फोटोखाली 'अस्सल आफ्रिकी' असं लिहा. चपाती इथे भारतीयांबरोबर आली, हे सांगून आम्हा मराठी माणसांना उगीच फुशारकी मारायची संधी देऊ नका.

तुमच्या 23 किलोंच्या बॅगेत वाटायला आणलेले जुने टी-शर्ट असतीलच. तेव्हा ओविनो बाजाराकडे फिरकू नका. बाजाराचं खरं नाव सेंट बालिकुद्देंबे, युगांडाच्या एका हुतात्म्यावरून. तिथे युरोप-अमेरिकेच्या उतरलेल्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे फुटतात. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी त्यांच्या आयातीवर बंदी आणण्याची घोषणा केली, तरी ढीग काही हलले नाहीत. विक्रेती बाई शर्ट झटकते, कॉलर उलटी करून मळ बघते, चेन दोनदा वरखाली करते आणि मग कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवते. तुमच्या बॅगेतल्या मालाला ती हातसुद्धा लावणार नाही. विषाची परीक्षा कशाला?

रविवारी सुवार्ता सांगायला उभे राहा. इथल्या बुगांडा राज्याच्या राजा मुतेसाने मिशनरींना बोलावणं धाडलं 1875 मध्ये, ते पोचले 1877 मध्ये. आज देशात दर पाचांतले चारहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. 3 जून 1886 रोजी कंपाल्याजवळच्या नामुगोंगोला ख्रिस्ती हुतात्म्यांना जिवंत जाळलं. त्या दिवसासाठी दरवर्षी माणसं शेकडो किलोमीटर पायी येतात, आपल्या वारीसारखी. अशा लोकांना येशूची ओळख करून द्यायला तुमच्याइतकं योग्य कोण? चांगली वीस मिनिटं बोला. दुभाषा तुमच्या एका वाक्याची चार करेल आणि लोक हसतील. तुमच्याच विनोदाला हसले असं धरून चाला.

प्रार्थनेनंतर मात्र सावध. पैसे नसलेल्यांनी देवाला वाहिलेली केळी, अंडी, कोंबड्या यांचा अंगणात लिलाव होतो. समोरच्या बाळाला तुम्ही प्रेमाने हात हलवाल आणि लिलाव पुकारणारा ओरडेल, "मुझुंगू (म्हणजे परदेशी पाहुणा), तीस हजार शिलिंग!" परत हात हलवून नाही म्हणाल, तर चाळीस. टाळ्यांचा कडकडाट होईल आणि एक आजी बारा किलोंचा फणस तुमच्या छातीशी टेकवतील.

तो मांडीवर घेऊन बोडावर बसा. खाकीच्या सगळ्या खिशांना चीक लागेल. चढावर गाडी मंदावली की कडेला कुदळ टेकून उभा असलेला म्हातारा तुमच्याकडे, मग फणसाकडे बघेल आणि म्हणेल, "जेबाले को, सेबो (साहेब)."

उत्तर आठवतंय का?