माझ्याच फाईलला मी परका

काल रात्री घरून स्वतःलाच मेल केलेली एक्सेलची फाईल आज ऑफिसात उघडली तर वर लालभडक पट्टी. मॅक्रो (फाईलमध्येच बसवलेला, कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) ब्लॉक केलेत म्हणे, सोर्स विश्वासार्ह नाही. अहो, सोर्स म्हणजे मीच की! चाळीस ओळींचा गरीब मॅक्रो, रिकाम्या रो उडवतो, तारखा नीट करतो, बस. पूर्वी पिवळी पट्टी यायची तिच्यावर निदान 'एनेबल कंटेंट'चं बटण तरी असायचं, लाल पट्टीवर नुसतं 'लर्न मोअर'. काम राहू दे, आधी शिका.

शेजारच्या टेबलावरचे साहेब (सायबर सिक्युरिटीचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झालंय, तेव्हापासून हवेत असतात) खुर्ची सरकवत आलेच.

"कुणी पाठवली फाईल?"

"मी."

"कुणाला?"

"मलाच."

"पाठवणाऱ्याला ओळखतोस?"

"ओळखतो म्हणजे काय, मीच आहे ना तो!"

"असं प्रत्येकालाच वाटतं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि तरी उघडलीस?"

यावर काय बोलणार. वर सल्ला, की एक्सेलच्या सेटिंगमधल्या ट्रस्ट सेंटरमध्ये जा आणि 'एनेबल ऑल मॅक्रोज' करून टाक. म्हणजे माझ्यावर भरवसा नाही पण जगातल्या बाकी सगळ्या मॅक्रोंवर आहे! त्या पर्यायापुढे कंसात 'शिफारस नाही' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. 1999 मध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो व्हायरस वर्डच्या फाईलमधून पसरला, अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच मेल करत सुटायचा, तेव्हा बंदोबस्त हवा हे मलाही कळतं. 2022 पासून नेटवरून आलेल्या फाईलींचे मॅक्रो आपोआप ब्लॉक होतात तेही ठीक. पण उपाय कुठे लपवलाय बघा, फाईल बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि जनरल टॅबच्या पार तळाशी 'अनब्लॉक'चा एवढुसा चौकोन. अर्धा तास गेला माझा त्या टिकमार्कपायी, आणि तो अर्धा तास कुणी भरून देणार नाहीये.

टिक केली, फाईल उघडली, पट्टी गायब. मॅक्रो चालवला.

रन-टाइम एरर 9. म्हणजे मॅक्रोला हवी ती शीट सापडेना.

रात्री झोपेत शीटच्या नावाला शेवटी एक स्पेस दिली होती मी. साहेबांनी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तरी मी विचारत होतो, पाठवणाऱ्याला ओळखतोस का."