नाही म्हणायची सही

सप्टेंबर 2025 च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन ग्रुप एकदम पेटले होते. एक घरचा. सीना नदीचं पाणी सोलापूरकडच्या माढा तालुक्यातल्या गावांत शिरलं होतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी ताई आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका यांच्यात जुंपली होती. पूरग्रस्तांसाठी सरकारी नोकरांचा एक दिवसाचा पगार कापावा की नाही? दुसरा ग्रुप इंग्लंडात, लीड्समधल्या माझ्या ऑफिसचा. तिथला प्रश्न असा, की लेमन केक दोघीजणी आणताहेत, तर एकीने ब्राउनी आणली तर चालेल का.

आमच्या 'कॉफी मॉर्निंग'ची सूत्रं तिसऱ्या वर्षीही माझ्याच गळ्यात होती. मॅकमिलन ही इथली कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था. तिच्यासाठी दर सप्टेंबरात ब्रिटनभर ऑफिसांत, शाळांत, चर्चमध्ये लोक घरून केक करून आणतात, ते विकतात आणि पैसे संस्थेला देतात. दिवस ठरलेला, महिन्याचा शेवटचा शुक्रवार. पण घरून काम सुरू झाल्यापासून शुक्रवारी आमच्याकडे येतं कोण? साठांतले आठ. म्हणून बुधवार ठरवला. बुधवारी एका अख्ख्या विभागाचं ट्रेनिंग आहे, हे मला मंगळवारी संध्याकाळी कळलं.

काकांचा मुद्दा साधा होता. पगार माझा, दान माझं, परस्पर कापणारं सरकार कोण? ताई म्हणाली, कापा की, पण आधी विचारा. तिला जास्त राग ध्वजदिन निधीचा आहे. 7 डिसेंबर जवळ आला की जिल्ह्याला उद्दिष्ट येतं, ते तालुक्यावर आणि तिथून खाली शाळेपर्यंत झिरपतं. सैनिकांच्या कुटुंबांना द्यायला कुणाची ना नाही, पण आकडा वरून ठरून आला की ती वर्गणी कसली, वसुलीच. केरळात 2018 च्या पुरानंतर सरकारने नोकरांकडे महिन्याचा पगार मागितला आणि ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी तसं लेखी कळवावं अशी अट घातली. त्या अटीला तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयातही सरकारची डाळ शिजली नाही. काकांनी ही बातमी ग्रुपवर तीनदा टाकली.

पूर्वी मीही बिनशर्त काकांच्या बाजूने असायचे. 'इकडे बघा, कुणी कुणावर सक्ती करत नाही' हे वाक्य मी पुण्याला गेले की जेवताना हटकून ऐकवायचे. आता ऐकवत नाही. इथे सक्ती नाही हे खरं, पण त्या सक्तीच्या जागी कुणीतरी राबतं, आणि ते कोण हे मला आता ठाऊक आहे.

तिघीजणी. साठ माणसांच्या ऑफिसात तीन वर्षं त्याच तिघी, तिसरी मी. पुरुष केक खातात, एक जण खुर्च्या हलवतो आणि ईमेलमध्ये त्याचे विशेष आभार मानले जातात.

पहिल्या वर्षी मी हौसेने पोह्यांचा चिवडा नेला. इथे ऍलर्जीच्या यादीत चौदा पदार्थ आहेत आणि त्यांतलं काय कशात आहे हे टेबलावर लिहून ठेवायचं असा आमच्या ऑफिसचा दंडक. शेंगदाणे यादीत, तीळ यादीत, आणि मोहरीसुद्धा! चिवड्याच्या एका वाटीत तीन. पाटी लिहून झाल्यावर त्या डब्याकडे लोक असे बघायला लागले की जणू मी स्फोटकं आणलीत. नारळ त्या यादीत नाही हे नंतर कळलं, तेव्हापासून नारळाच्या वड्या. त्या खपतात. दूध यादीत आहे, पण दुधाला इथे कुणी घाबरत नाही.

त्याच वर्षी गिफ्ट एडचे फॉर्मही मी छापून नेले होते. कर भरणाऱ्याने एक पौंड दान दिला तर संस्थेला सरकारकडून वर पंचवीस पेन्स मिळतात, अशी ती सोय. छान. पण केक विकत घेणं म्हणजे खरेदी, दान नव्हे, तेव्हा तिथे ती लागू नाही. चाळीस फॉर्म रद्दीत गेले. दुसऱ्या वर्षी क्यूआर कोड लावला, कारण रोख कुणाकडेच नसते. 'नंतर ऑनलाइन देतो' म्हणत हातात केक घेऊन गेलेल्यांची संख्या मला तोंडपाठ आहे, पण ती सांगणं सभ्यपणाचं नाही.

आणि ऑनलाइन पानावर नावं दिसतात, रक्कम दिसते. साहेबांनी वीस टाकले की खालचे दहा टाकतात, त्यांच्या खालचे पाच. वीसच्या वर कुणी जात नाही, तो आगाऊपणा ठरेल. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं, आमच्या स्टाफरूममध्ये यादी लावतात ती हीच की.

कंपनी म्हणते, तुम्ही जमवाल तेवढेच आम्ही घालू. तीनदा म्हणाली. त्याचा अर्ज कार्यक्रमाआधी सहा आठवडे करायचा असतो, आणि कार्यक्रमाची तारीख पक्की व्हायची ती तीन आठवडे आधी. आमचे 2025 चे जमले 187 पौंड. माझा वड्यांचा खर्च सोळा पौंड, रॅफलची, म्हणजे तिकिटांच्या सोडतीची, बक्षिसं पदरची. वड्या बारा पौंडांना गेल्या. म्हणजे सरळ सोळा दिले असते तर संस्थेला चार जास्त मिळाले असते आणि मी रात्री दहाला झोपले असते.

त्या आठवड्यात मी एक आगाऊपणा केलाच. या वेळचे पैसे पुराला पाठवूया का, असं विचारलं. बीडकडची एक छोटी संस्था मला माहीत होती, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणारी. ऑफिसचं उत्तर आलं, की फक्त ब्रिटनमध्ये नोंदलेल्या संस्थेलाच. संस्थेला फोन केला तर तिथले सर म्हणाले, "ताई, तुमचे चालतील, त्यांचे नाही चालणार." माझा पासपोर्ट भारतीय, माझी बचत परदेशी देणगी धरली जात नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईचे पाच पौंड मात्र धरले जातात, आणि त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, शिवाय 2020 च्या दुरुस्तीपासून स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं हवं. सोळा मुलांच्या वसतिगृहाने ते कुठून करायचं? गंमत म्हणजे आपल्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला त्याच वर्षी परदेशी देणग्या घ्यायची परवानगी मिळाली होती. परदेशी पैशांवर नजर नको असं मी म्हणत नाही. पण नियम असे आहेत की मोठ्यांना वाट मिळते आणि लहान दारातच अडकतो, आणि यावर आमच्या घरच्या ग्रुपवर अवाक्षर नाही. तिथे अजून एका दिवसाच्या पगारावरच चाललं होतं.

माझे पैसे मी पाठवले. पावती दोन दिवसांत आली, खाली हाताने लिहिलेलं 'आभारी आहोत'.

ताई आणि काका दोघांनाही पटेल अशी एक वाट इथे आहे. 1987 पासून इथे पगारातूनच दान देता येतं, कर कापायच्या आधी, म्हणजे साधा कर भरणाऱ्याला दहा पौंडांचं दान आठला पडतं. यादी नाही, केक नाही. नाही म्हणायला सही लागत नाही, हो म्हणणाऱ्यानेच करायची. काकांना हे फार आवडलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्यात किती जणांनी केलीय? चार. मला धरून.

"बघ," ताईने लिहिलं, पुढे काहीच नाही.

तरी मी त्या चौघांतच राहीन, आणि ताईचा पगार तिला न विचारता कापला तर तिच्या बाजूने भांडेनही. फक्त आमच्याकडे सगळं खुशीचं आहे, हे सांगताना ती खुशी कोण शिजवतं तेही सांगेन.

या वर्षीचा ईमेल आला. मी कळवलंय की करते, पण तयारीचे तास कामाच्या तासांत धरा, आणि तिघींऐवजी दर वर्षी नवा विभाग नेमा. साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे. एचआरने विचारलंय, ते तास टाइमशीटमध्ये कुठल्या कोडवर टाकायचे.