मामा, त्या लाल ढालीच्या पुढे जायचं नसतं

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत आला. मथळा ‘जुनं ते सोनं’, सोबत मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझरचा, इंटरनेट एक्सप्लोररचा, निळा ‘ई’. म्हणणं असं: नवा संगणक गळ्यात मारण्यासाठी कंपन्या जुने ब्राउझर बंद पाडतात. चोरांचा डोळा नव्या ब्राउझरवर असतो, जुन्याला कुणी हात लावत नाही. जुना हलका, पाळत न ठेवणारा, आणि त्यात मराठीही छान दिसायची. शेवटी सल्ला: धोक्याची सूचना देणारं लाल ढालीचं पान आलं तर घाबरू नका, खालच्या ओळीवर क्लिक करा आणि पुढे जा.

एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे सरकते. पण साताऱ्याच्या मामांनी त्याला ‘लाइक’चा अंगठा दिला आणि वर लिहिलं, ‘मी महिनाभर हेच करतोय, बँकेचं पान व्यवस्थित उघडतं.’ रविवारी सकाळी पहिली एसटी धरली.

मामांचा डेस्कटॉप विंडोज 7 चा. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल 14 जानेवारी 2020 ला थांबवली. मामांनी माझ्यासमोर बँकेचं पान उघडलं. लाल ढाल आली, ‘शिफारस नाही’ असं सांगणारी इंग्रजी ओळ आली, मामांनी ती न वाचता दाबली. पत्त्याची पट्टी लालभडक झाली आणि मामा पासवर्ड टाकायला लागले. मी त्यांचा हात धरला.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवरचा बटन सेल संपला होता, त्यामुळे संगणक बंद केला की घड्याळ मागे जायचं. समोरचं पान खरंच बँकेचं आहे का, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून ठरवतो. त्यावर नाव असतं, मुदत असते, देणाऱ्या संस्थेची सही असते. यातलं काहीही जुळलं नाही की ढाल येते. 2009 साली जगणाऱ्या यंत्राला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं दिसणार. कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणला, तारीख लावली, आणि बँकेच्या पानावरची ढाल गेली. कुठल्याच कंपनीचा त्यात डाव नव्हता.

या मेसेजमधला सर्वांत घातक भाग हाच, म्हणून त्यावर जास्त लिहिते आहे. रोज ढाल बघायची आणि रोज ओलांडायची अशी सवय एकदा हाताला लागली की संपलं. उद्या कुणी मधे बसून बँकेचं खोटं पान पुढे केलं, तर तेव्हाही हीच ढाल आणि हीच ओळ दिसणार. मामा ती तशीच दाबणार, कारण महिनाभर काही झालं नाही. सेल नवा असला तरी जुन्या यंत्रावर अशा ढाली येतच राहतात. 30 सप्टेंबर 2021 ला, संकेतस्थळांना प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर उभी होती, त्याची मुदत संपली. ज्या यंत्रांकडे विश्वासू संस्थांची ताजी यादी पोचली नव्हती, त्यांना धडधाकट संकेतस्थळंही संशयास्पद दिसायला लागली. अशा वेळी यादी ताजी करायची असते. डोळे मिटून पुढे जायचं नसतं.

आता ‘जुन्याला कुणी हात लावत नाही’. हे धादांत खोटं आहे. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला 15 जून 2022 ला निवृत्त केलं. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, त्याच्याचमुळे उघडं राहिलेलं एक भोक कंपनीला बुजवावं लागलं. चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ते शोधलं होतं. चोर पीडीएफसारखी दिसणारी शॉर्टकट फाइल पाठवायचे. तिच्यावर क्लिक केलं की विंडोज 10 आणि 11 वरसुद्धा पान एज किंवा क्रोम या नव्या ब्राउझरमध्ये न उघडता, झोपवून ठेवलेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडायचं. हा उद्योग निदान जानेवारी 2023 पासून चालू होता. समोर नवाकोरा संगणक असताना चोर मुद्दाम जुन्याला उठवत होते, कारण तिथली कुलपं कच्ची. विंडोज 7 वर तर तो जागाच असतो.

हलकेपणाचा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करते. 2 जीबी रॅमवर आजचा ब्राउझर धापा टाकतो. पण ती मेमरी जाते कुठे, हेही सांगा ना. जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर दोष उघड झाला. एका पानाने शेजारच्या पानाचा डेटा वाचू नये म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र खोली दिली. त्यासाठी 10 ते 13 टक्के जास्त मेमरी लागते, हे गूगलने स्वतःच सांगितलं होतं. त्या भिंती मला हव्या आहेत.

पाळतीचं तर उलटंच आहे. तिऱ्हाईत कुकीज, म्हणजे आपला माग काढायला दुसऱ्याच कंपन्यांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, जुने ब्राउझर निमूट घ्यायचे. फायरफॉक्सने माग काढणाऱ्या कुकीज सर्वांसाठी आपणहून अडवायला सुरुवात केली ती सप्टेंबर 2019 मध्ये.

आणि मराठी! सायबर कॅफेत मीही इंटरनेट एक्सप्लोररमध्येच मराठी पेपर वाचले आहेत, ती आठवण मलाही प्रिय आहे. पण तेव्हा पेपरांचे फॉन्ट आपापले असत. पानात जोडलेला ईओटी फॉन्ट फक्त एक्सप्लोररला कळायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. बातमीतली ओळ कॉपी करून मेलमध्ये टाकली की तिथेही खिचडीच, आणि शोधायला जावं तर काही सापडायचं नाही. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी (सगळीकडे चालणाऱ्या एकाच सामायिक संकेतातली) नीट दिसावी म्हणून सेटिंगमध्ये जाऊन भाषेच्या फाइल्स बसवाव्या लागत, त्यासाठी विंडोजची सीडी शोधावी लागे. आज कुठल्याही ब्राउझरमध्ये मराठी सरळ दिसते ती युनिकोडमुळे, त्या निळ्या ‘ई’मुळे नाही.

कुणाचं कचेरीतलं काम जुन्या संकेतस्थळावर अडलं असेल तर एजमध्ये आयई मोड, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय, आहे, तेवढ्यापुरता तो वापरा. मामांच्या डेस्कटॉपमध्ये रॅम 2 ची 4 जीबी केली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली. नवा संगणक घ्यावा लागला नाही. सातबारा, पेपर, बँक, सगळं ताज्या फायरफॉक्समध्ये उघडतं.

ग्रुपवरच्या ज्यांनी ढाल ओलांडून बँकेत पासवर्ड टाकला असेल, त्यांनी आजच दुसऱ्या, अपडेट असलेल्या फोनवरून तो बदला आणि गेल्या महिन्याचं स्टेटमेंट ओळीओळीने बघा. अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मामांचं स्टेटमेंट आम्ही रविवारीच शेजारी बसून तपासलं, पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला.