पॅलेडियम स्पंज नव्हे: ‘900 पट हायड्रोजन’वाल्या दाव्याचा प्रतिवाद

सध्या सगळीकडे पुढे पाठवला जाणारा दावा असा: ‘पॅलेडियम स्पंजसारखा 900 पट हायड्रोजन पितो. धातूत हायड्रोजन साठवला की टाकी हलकी, भरायला सोपी, स्फोटाची भीती नाही आणि कितीही वेळा वापरा.’ यातला 900चा आकडा खरा आहे, तोही फक्त आकारमानापुरता.

‘स्पंजसारखा.’ नाही. स्पंजात पाणी आयत्या छिद्रांत बसतं. इथे हायड्रोजनचा रेणू आधी पृष्ठभागावर फुटतो आणि सुटे अणू धातूच्या अणूंमधल्या अष्टफलकी पोकळ्यांत शिरतात. सुरुवातीला थोडेच विरघळतात. ती अल्फा फेज, म्हणजे धातूची पहिली अवस्था. पुढे बीटा हायड्राइड (धातू आणि हायड्रोजनचं संयुग, दुसरी फेज) बनतं, पॅलेडियमच्या दर अणूमागे साधारण 0.6 हायड्रोजन. स्फटिकाच्या घनाची बाजू 3.89 वरून सुमारे 4.02 अँगस्ट्रॉमवर जाते, म्हणजे धातू दहा टक्क्यांहून जास्त फुगतो. एकाच पातळ पत्र्यात दोन्ही फेज आल्या की पत्रा वाकतो, सुरकुततो आणि चिरतो. म्हणूनच हायड्रोजन गाळून घेणारा शुद्ध पॅलेडियमचा पडदा 300 अंश सेल्सिअसखाली आणण्याआधी आतला हायड्रोजन आर्गॉनने किंवा नायट्रोजनने हुसकून लावतात, नाहीतर 23 ते 25 टक्के चांदी घातलेला मिश्रधातू वापरतात.

‘हलकी.’ वजनात मोजलं तर बीटा हायड्राइडमध्ये हायड्रोजन 0.6 टक्केसुद्धा भरत नाही. मोटारीला 5 किलो हायड्रोजन हवा असेल तर जवळजवळ 900 किलो पॅलेडियम लागेल! लँथॅनम-निकेल (1:5) मिश्रधातूत 1.4 टक्के मावतो; तोही साडेतीनशे किलो होतो, टाकी वेगळी. मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये 7.6 टक्के असतो खरा, पण 1 बार (साधारण हवेच्या दाबाइतक्या) दाबाने तो सोडवायला 280 अंशांच्या वर तापवावं लागतं.

‘भरायला सोपी.’ खरी अडचण इथेच आहे आणि तिचा उल्लेखच होत नाही. लँथॅनम-निकेल हायड्रोजन शोषताना दर मोलमागे (म्हणजे 2 ग्रॅम हायड्रोजनमागे) सुमारे 30 किलोज्यूल उष्णता सोडतं. 5 किलो म्हणजे 2500 मोल, म्हणजे 75 मेगाज्यूल. पाच मिनिटांत टाकी भरायची तर 250 किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागेल. ती निघाली नाही तर मिश्रधातूची पूड तापते, समतोल दाब (ज्या दाबाला शोषणं आणि सोडणं सारखं होतं तो) भरण्याच्या दाबाइतका चढतो आणि शोषण थांबतं. पुडीतून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे टाकीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या (फिन) आणि पाण्याच्या नळ्या घालाव्या लागतात. वजन आणखी वाढतं.

‘स्फोटाची भीती नाही.’ अर्धं खरं. गळती झाली की वायू सुटताना पूड थंड होते आणि गळती आपोआप मंदावते; हा मोठा गुण आहे. मात्र लँथॅनम-निकेलच्या टाकीत खोलीच्या तापमानाला 2 बारच्या आसपास असलेला दाब 80 अंशांना 12 बारच्या घरात जातो. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. शिवाय हायड्रोजन भरून बारीक झालेली पूड हवेत उघडली तर पेट घेऊ शकते.

‘कितीही वेळा.’ लँथॅनम-निकेल सुमारे 25 टक्के फुगतं, त्यामुळे काही फेऱ्यांतच खड्यांची मायक्रॉनमध्ये मोजावी अशी पूड होते. ती तळाशी दाटून बसते आणि पुढच्या भरणीत टाकीच्या भिंतीला ताण देते. म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत आणि तोंडाशी बारीक जाळीचा फिल्टर लावतात. वायूत कार्बन मोनॉक्साइड असेल तर पृष्ठभाग झाकला जाऊन शोषण पडतं. ते शुद्ध हायड्रोजनात तापवून परत आणता येतं.