२५२० : एका फिरत्या दाव्याची तपासणी

‘२५२० ही जगातील एकमेव संख्या आहे जिला १ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जातो, अशी संख्या असणे अशक्य मानले जात होते, ७ वार, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात तिचे रहस्य आहे, आणि ती श्रीनिवास रामानुजन यांनी शोधली’, अशा आशयाचा मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्यातील आकडेमोड बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला एकही निष्कर्ष टिकत नाही.

‘एकमेव’ हा शब्द तर लगेच बाद होतो. २५२० ला ज्या संख्यांनी भाग जातो, त्या सर्वांनी ५०४०, ७५६० आणि तिच्या पुढील प्रत्येक पटीलाही भाग जातो. अशा संख्या अनंत आहेत. २५२० त्यांतील सर्वांत लहान आहे.

अशक्यतेचे म्हणावे तर हा केवळ १ ते १० यांचा लसावि (लघुतम साधारण विभाज्य) आहे. ८ साठी २ हा अवयव तीनदा लागतो, ९ साठी ३ दोनदा, आणि ५ व ७ प्रत्येकी एकदा; एवढ्यात उरलेल्या सर्व संख्यांची सोय होते, म्हणून ८ × ९ × ५ × ७ = २५२०. लसावि काढण्याची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात सिद्धतेसह दिलेली आहे, म्हणजे ती रामानुजनांच्या जन्माहून दोन हजारांपेक्षा अधिक वर्षे जुनी आहे.

७ × ३० × १२ हा गुणाकार २५२० येतो, कारण ३० आणि १२ यांच्यात मिळून तीनदा २, दोनदा ३ आणि एकदा ५ हेच अवयव आहेत. कालगणनेशी त्याचा संबंध लागत नाही : सौर वर्ष सुमारे ३६५.२४ दिवसांचे आणि बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, या दोहोंपैकी ३६० दिवसांचे कोणतेच नाही.

राहिला रामानुजनांचा दावा, आणि मला सर्वाधिक खटकतो तो हाच, कारण त्यांनी याच परिसरात केलेले खरे काम याहून कितीतरी खोल आहे. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांना अधिक विभाजक आहेत, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. २५२० अशा संख्यांत येते, कारण तिला ४८ विभाजक आहेत आणि तिच्याआधीच्या अशा संख्येला, १६८० ला, ४०. परंतु त्यांनी सिद्ध केले ते सर्वच अशा संख्यांविषयी : त्यांच्या अवयवांत २ पासून सलग मूळ संख्या येतात, त्यांचे घात पुढे कधी वाढत नाहीत, आणि ४ व ३६ हे अपवाद वगळता शेवटच्या मूळ संख्येचा घात १ असतो. संगणक नसलेल्या काळात त्यांनी केलेली यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत पोहोचते. या संख्येला १०,०८० विभाजक आहेत. त्या यादीतून २,९३,३१,८६,२५,६०० ही संख्या मात्र सुटली, आणि तिला २३ ने गुणले की यादीतील शेवटचीच संख्या मिळते.