पाने वळणेबाबत

जळगावात एप्रिल उजाडला की गच्चीवर ठेवलेली कोणतीही वस्तू एकतर वाळवण असते, नाहीतर चूक असते. पारा ४५ अंशांकडे निघालेला असताना मिरचीची रोपे गच्चीवर राहू देणे म्हणजे ती मुळासकट सुकवणे होय, आणि मिरची सुकवण्याच्या कामी नंदुरबारच्या पथाऱ्या पुरेशा समर्थ आहेत, असा विचार करून मी माझ्या दोन्ही कुंड्या उचलून हॉलमध्ये आणल्या. खिडकीपासून हातभर अंतरावर, कूलरच्या थेट समोर, जिथे आजवर आमच्या आईची खुर्ची होती, तिथे त्यांची स्थापना झाली. उजेड कमी पडू नये म्हणून वर एलईडीचा दिवा टांगला. आईची बदली स्वयंपाकघराच्या दाराशी झाली. सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षे काढलेल्या मला बदली ही काही फार मोठी गोष्ट वाटत नाही; आईला मात्र वाटली.

हा खटाटोप ठेच्यासाठी होता. कळण्याच्या भाकरीसोबत खायचा ठेचा घरच्या झाडाच्या, त्याच क्षणी तोडलेल्या मिरचीचा असावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. रोपांनीही सुरुवातीला इच्छेला मान दिला. दहाएक दिवस ती अशी काही तरारली की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी चहाच्या आधी मिरची दाखवू लागलो. आणि मग एका सकाळी मोठ्या रोपाच्या शेंड्याची पाने अंग चोरून बसलेली दिसली. काल तळहातासारखी उघडी असलेली पाने आज अरुंद, चुरगळलेली, थंडीत पांघरूण ओढून घेतल्यासारखी झाली होती.

“या घरात कोणालाच वळण लागलं नाही,” आई दारातून म्हणाली, “ते शेवटी मिरचीला लागलं.”

मी माझ्या सवयीप्रमाणे वही काढली, तारीख घातली आणि वर लिहिले, ‘विषय : पाने वळणेबाबत’. त्यानंतर संबंधितांचे अभिप्राय मागवले. हीच माझी चूक झाली, कारण आपल्याकडे माणूस स्वतःच्या दुखण्याविषयी एक वेळ गप्प बसेल, परंतु दुसऱ्याच्या झाडाविषयी त्याच्याकडे मत नाही असे कधी होत नाही.

पहिला अभिप्राय मेव्हण्यांचा आला. त्यांच्या मते हा कॅल्शियमचा अभाव होता आणि उपाय अंड्याची टरफले हा होता. मुळात या निदानात तथ्याचा अंश होता: कॅल्शियम एकदा जुन्या पानात बसले की तेथून हलत नाही, त्यामुळे तुटवडा पडला तर तो कोवळ्या पानांतच दिसतो आणि आमची पिडा शेंड्यावरच होती. परंतु टरफले मातीत विरघळायला महिने लागतात, हे मेव्हण्यांनी सांगितले नाही, आणि आमच्या शुद्ध शाकाहारी घरात ती आणायची कोठून, हे मी त्यांना विचारले नाही. शेजाऱ्यांच्या मुलाकडून पिशवीत लपवून आणलेल्या टरफलांचा शोध हिला दुसऱ्याच दिवशी लागला. त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलले गेले त्याचा मिरचीशी संबंध नव्हता.

कार्यालयातील सहकाऱ्याने बोअरच्या पाण्यातील क्षारांवर ठपका ठेवला. क्षारांच्या पाण्याने मिरचीची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमची पाने तर गर्द हिरवी होती. तरीही मी पंधरा दिवस पिण्याचे, फिल्टरचे पाणी कुंड्यांना घातले आणि आम्ही घरची माणसे सरळ नळाचे पाणी प्यालो. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला की दिवा फार जवळ आहे, तो उंच करावा. दिवा उंच केला. तो इतका उंच गेला की त्याचा उजेड कुंडीपेक्षा माझ्या टकलावर अधिक पडू लागला. पलीकडच्या काकूंनी एकच वाक्य उच्चारले, “पाणी फार घालता तुम्ही,” आणि त्या निघून गेल्या. सर्वांत कमी शब्दांत सांगितलेली ही गोष्ट बरीचशी खरी होती, म्हणून मी ती मनावर घेतली नाही.

आईचे निदान सर्वांहून वेगळे होते. चहाच्या आधी मिरची दाखवण्याच्या माझ्या सवयीमुळे झाडाला दृष्ट लागली होती. आता दृष्ट काढायची म्हणजे मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. मिरचीच्या झाडाची दृष्ट मिरचीनेच काढावी यात काही विसंगती आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. तेव्हा आई म्हणाली की काट्याने काटा काढतातच ना. धुराने घरातील सगळ्यांना ठसका लागला. मिरचीला नाही लागला, एवढे नोंदवतो.

अखेर मी एक वळलेले पान डबीत घालून खते-औषधांच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने डबी उघडली, पानाकडे न पाहता माझ्या पायांतील बुटांकडे पाहिले आणि “कोकडा आहे”, म्हणजे पाने आकसण्याचा रोग, असे सांगून तीन बाटल्या समोर ठेवल्या: एक किडीची, एक बुरशीची आणि एक नुसतीच टॉनिकची. एकरी मात्रा त्याला पाठ होती. दोन कुंड्यांचे एकर किती होतात, असे मी विचारल्यावर तो पहिल्यांदा विचारात पडला. जाता जाता त्याने हेही सांगितले की हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू असेल तर त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकावे लागते. त्या रात्री मला झोप आली नाही. दोनदा उठून मी हॉलमध्ये जाऊन आलो. कूलर गार वारा सोडत होता आणि माझी रोपे त्या वाऱ्यात, मरणाऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या मजेत डोलत होती.

तीन आठवड्यांनी माझ्या वहीत अकरा पाने भरली आणि रोपावर धड असलेले एकही पान उरले नाही, तेव्हा मी नानांना फोन केला. नाना म्हणजे माझे मावसभाऊ. नंदुरबारकडे त्यांची मिरचीची शेती आहे. मी त्यांना टरफलांपासून विषाणूपर्यंत सर्व हकीकत क्रमाने, तारखांसह वाचून दाखवली. नानांनी ती ऐकून घेतली. मग म्हणाले, “पान वर वळेल शे का खाले वळेल शे?”

मी वहीची अकराही पाने चाळली. ‘वळले आहे’ असे चौदा ठिकाणी लिहिले होते. कोणत्या बाजूला, हे एकाही ठिकाणी नव्हते, आणि इतक्या जाणकारांपैकी एकानेही ते विचारले नव्हते.

फोन तसाच धरून मी कुंडीपाशी जाऊन बसलो. कडा खाली वळल्या होत्या. पान उलट्या होडीसारखे दिसत होते. नाना म्हणाले की कडा वर वळून द्रोण झाला असता तर फुलकिडे समजायचे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की ते पळताना दिसतात. खाली वळले म्हणजे पिवळा कोळी, जाळे विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव. तो पानाच्या पाठीला असतो आणि नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी बसतात. आता घड्याळे दुरुस्तीला येत नाहीत, पट्टे आणि सेल तेवढे येतात, त्यामुळे त्यांचे दहापटीचे भिंग मोकळेच होते. ते मी तासाभरासाठी मागून आणले, डोळ्यात बसवले आणि शेंड्याचे एक पान उलटे करून उजेडाला धरले. पानाची पाठ तांबूस, तेलकट, जुन्या पितळेसारखी झाली होती. मधल्या शिरेच्या कडेला, खसखशीचा दाणाही धोंडा वाटावा एवढाले पिवळट ठिपके दिसत होते. मी श्वास रोखला. ठिपके चालू लागले.

एका मिलिमीटरमध्ये असे पाच बसतात. पाय आठ असतात, म्हणजे हा कीटक नव्हेच, आणि बरीच कीटकनाशके त्याला लागू पडत नाहीत. दुकानातून आणून फवारलेल्या किडीच्या बाटलीने कोळी सोडून सर्वांना त्रास का झाला, याचा उलगडा येथे झाला. या जातीचा नर, मादी वयात येण्याआधीच तिला पाठीवर घेऊन कोवळ्या पानावर बिऱ्हाड करायला निघतो, असे पुढे वाचनात आले. हिला मी ते मोठ्या कौतुकाने सांगितले. ही म्हणाली, “बघा. नाहीतर आम्ही लग्नानंतर कुसुंबा स्टॉपपासून पेटी डोक्यावर घेऊन चालत आलो.”

परंतु खरा घाव नानांनी शेवटी घातला. हा कोळी कोरड्या उन्हात फारसा टिकत नाही. त्याला उबदार आणि दमट हवा लागते. जळगावच्या एप्रिलमध्ये उबदार आणि दमट हवा मिळणार कोठे? ती फक्त कूलरसमोर मिळते. आईला उठवून, मेहनतीने पाणी भरून, विजेचे बिल सोसून मी रात्रंदिवस ज्यांची बडदास्त ठेवली होती, ते हे पाहुणे होते. झाड तर नुसते त्यांचे ताट होते.

उपाय सोपा निघाला. वळलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे आणि पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पानांच्या पाठीवर फवारायचे, तेही ऊन उतरल्यावर, कारण तापलेल्या हवेत गंधकाने पाने करपतात. आमच्याकडे ऊन उतरते ते रात्री दहाला. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या गल्लीने एक गृहस्थ गच्चीवर मोबाइलचा दिवा तोंडात धरून, मिरचीच्या झाडाला आडवे करून, खालून अंघोळ घालताना पाहिला. कोणी काही विचारले नाही. खालून फक्त काकूंचा आवाज आला, “आता पाणीसुद्धा उलटं घालता का?”

वळलेली जुनी पाने परत सरळ होत नाहीत, हे नानांनी आधीच बजावले होते. पाहायचे ते नवे पान. ते नवव्या दिवशी फुटले, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि चार दिवसांत चांगले सपाट उघडले. त्याच दिवशी घरात एक बैठक झाली, तिला मला बोलावले नव्हते. कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेल्या, आईची खुर्ची कूलरसमोर परत आली आणि वहीच्या बाराव्या पानावर हिच्या अक्षरात नोंद पडली: ‘सदर प्रकरण या टेबलावरून काढून घेण्यात येत आहे. पाणी कोणी घालायचे ते मी बघेन.’

ही बाजारात गेली की मी मात्र जाऊन पाने उलटी करून पाहतो. भिंग अजून परत केलेले नाही.